बेणे आणि भूक

कोकणच्या परसातील कोनफळ आपल्या परिचयाचे आहे. त्याच कुळातील एका कंदावर नायजेरियातील ईग्बो समाजाची प्रतिष्ठा उभी राहिली. शेतकऱ्याचे वैभव त्याच्या कंदकोठारावरून जोखले जाई. हे कोठार म्हणजे सावलीतील उभ्या खांबांची रांग; त्यांना एकेक कंद दोरीने बांधीत. वारा खेळता राहिला की कुजण्यास आळा बसे.

खरा पेच निराळाच होता. या पिकाचे बेणे म्हणजे खाण्याचाच कंद. पिकाचा चौथा हिस्सा, प्रसंगी अधिकही, पुन्हा मातीत जाई. आजची भूक भागवावी की पुढील वर्ष राखावे?

इबादान येथे १९६७ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कृषिसंस्था आणि उमुदिके येथील राष्ट्रीय कंदपीक संस्था यांनी पुढे तोड काढली. सालीसह सुमारे २५ ग्रॅमचे तुकडे करावयाचे, औषध चोळून रुजवावयाचे आणि त्यांपासून बेण्याचे छोटे कंद मिळवावयाचे.

तोड उत्तम होती. तरी तिचा प्रसार मंदच राहिला. औषध वेळेवर मिळेना आणि श्रमही वाढले. योजना आखणाऱ्या आम्हां सरकारी सेवकांनी एवढे तरी ध्यानी धरावे, की कागदावरचे बेणे शेतात आपोआप रुजत नाही.