केटी६६
केटी६६ ही ऑडिओ ॲम्प्लिफायरच्या अंतिम टप्प्यात वापरली जाणारी निर्वात नलिका आहे. ब्रिटनमधील मार्कोनी-ऑसरॅम व्हॉल्व्ह कंपनीने ती १९३७ साली बाजारात आणली.

रचना
साध्या टेट्रोडमध्ये धनाग्रावर इलेक्ट्रॉन आदळल्याने बाहेर पडणारे दुय्यम इलेक्ट्रॉन स्क्रीन ग्रिडकडे खेचले जातात. त्यामुळे विद्युतप्रवाहाच्या आलेखात खळगा पडून ध्वनी विकृत होतो. केटी६६मध्ये इलेक्ट्रॉनांच्या दाट शलाका तयार होतात. त्यांचा ऋण प्रभार दुय्यम इलेक्ट्रॉनांना धनाग्राकडे परतवतो. नावातील ‘केटी’ म्हणजे ‘किंकलेस टेट्रोड’, अर्थात आलेखात खळगा नसलेला टेट्रोड.

वापर
डी.टी.एन. विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन केटी६६ नलिका ट्रायोड पद्धतीने जोडलेल्या होत्या. अत्यल्प विकृतीमुळे हा आराखडा घरगुती हाय-फाय ॲम्प्लिफायरसाठी मापदंड ठरला.