फुथी भाषेवरचा घाव

लेसोथोच्या दक्षिणेकडच्या क्वुथिंग जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात फुथी ही बांटू भाषा आज थोडेच लोक बोलतात. सोथोभाषकांच्या शेजारात राहून ती सोथोत विरघळत गेली, असा तिच्या ऱ्हासाचा सोपा खुलासा केला जातो. भाषेचीच साक्ष काढली तर तो टिकत नाही. फुथीचं घराणं न्गुनी, म्हणजे झुलू, खोसा आणि स्वाती यांचं. झुलूत अनेकवचनी नामांना लागणारा ‘इझि-’ हा उपसर्ग स्वातीत आणि फुथीतही ‘ति-’ होतो. स्वातीभाषकांचा एस्वातिनी देश शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी हे नातं पुसलेलं नाही. सोथोकडून शब्द मात्र भरपूर आले, आणि नुसते शब्दच नाहीत. मूळ न्गुनी भाषांचे स्वर पाच. त्यांत फुथीने जीभ आणखी उंच नेऊन म्हणायचे ‘इ’ आणि ‘उ’ सोथोकडून घेतले. शब्दातल्या एका स्वराने शेजारच्या स्वराला आपल्या वळणावर नेण्याचे नियमही त्यांच्याभोवती घडले. बाजारात चार शब्द कानावर पडून असे स्वर येत नाहीत. त्यासाठी घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलाव्या लागतात. इतकी देवघेव करूनही फुथी फुथीच राहिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

घाव बसला तो राज्य गेल्यामुळे. फुथींचा राजा मोरोसी सोथोंचा राजा मोशोएशोए याचं वर्चस्व मानत असे, पण आपला मुलूख राखून होता. १८७१ साली बासुटोलँड, म्हणजे आजचा लेसोथो, केप वसाहतीला जोडलं गेलं. मग मॅजिस्ट्रेट आला, झोपडीकर आला, मोरोसीच्या मुलाला अटक झाली आणि १८७९ मध्ये फुथींनी बंड केलं. डोंगराच्या चढावर दगडी भिंती रचून त्यांनी सुमारे आठ महिने वेढ्याला तोंड दिलं. अखेर नोव्हेंबरात केपच्या सैनिकांनी शिड्या लावून कडा चढला. मोरोसी मारला गेला, त्याचं मुंडकं कापलं गेलं, लोक पांगले.

यावर कोणी म्हणेल की सोथोची सरशी त्याआधीच सुरू झाली होती. लेसोथोतल्या मोरिजा गावच्या मिशनने १८६३ पासून ‘लेसेलिन्याना ला लेसोथो’ हे सोथो वृत्तपत्र चालवलं होतं. बरोबर आहे, छापखाना सोथोचा होता. पण छापील भाषा वेगळी असली म्हणून घरातली भाषा सुटत नाही. मोरोसीच्या अमलात सोथो शिकणाऱ्याला फुथी सोडावी लागत नव्हती. पुढे क्वुथिंगचा कारभार मोशोएशोएच्या घराण्यातल्या सरदारांकडे गेला. जमीन मागायची तर सोथोत आणि तंट्यात दाद मागायची तीही सोथोत, अशी वेळ आली. फुथी ही सोथोचीच बोली, हा दुसरा आक्षेप तर ‘ति-’ सारख्या उपसर्गांपुढेच गळून पडतो. गॉडफ्रे म्झामाने यांनी १९४९ साली फुथीचं न्गुनी आणि सोथो या दोन्हींशी असलेलं नातं तपासणारा प्रबंध प्रसिद्ध केला. तोवर मोरोसीचा मुलूख जाऊन सत्तर वर्षं झाली होती.