'हॉस्टेल' आणि न पाहिलेलं ब्रातिस्लाव्हा

एलाय रॉथचा 'हॉस्टेल' (२००५) मी कॉलेजात असताना पाहिला. पाठीवर सॅक टाकून युरोप फिरणारी पोरं मुलींच्या आमिषाने स्लोव्हाकियात जातात आणि पैसे मोजून माणसं कापणाऱ्यांच्या तावडीत सापडतात. पुढे ऑनसाईटला व्हिएन्नात होतो, तेव्हा जेमतेम तासाभरावरचं ब्रातिस्लाव्हा मी चक्क टाळलं!

गंमत म्हणजे शूटिंग झालं होतं शेजारच्या चेक प्रजासत्ताकात. स्लोव्हाकिया १९९३ मध्ये स्वतंत्र झाला, २००४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये आला. जगाशी धड ओळख होण्याआधीच हा शिक्का बसला. तिथले राजकारणी भडकले. पर्यटन खात्याने मात्र देश प्रत्यक्ष बघायला रॉथलाच आमंत्रण दिलं.

खरं तर ते आमंत्रण माझ्यासारख्यांना हवं होतं.