बोटीत वीज आली, फ्यूज मागेच राहिला

28 फेब्रुवारी 2025 ची पहाट आठवते ना? अलिबागसमोर समुद्रात मासेमारी बोट पेटली. 18 खलाशी होते, सगळे वाचले. पहिला अंदाज शॉर्ट सर्किटचा. चार दिवस चर्चा झाली, मग आपण विसरलो. पण हे शॉर्ट सर्किट आपल्या बोटीत आलं कुठून, हे बघायला जरा मागे जावं लागतं.

शिडाच्या होडीत वीज नव्हतीच. उजेडाला कंदील, आणि आगीची भीती चुलीची. 1950 च्या दशकात यांत्रिकीकरण सुरू झालं, डिझेल इंजिनं आली. आधी हँडल मारून इंजिन सुरू करायचे. पुढे सेल्फ आला, सेल्फसाठी बॅटरी आणि ती चार्ज करायला डायनामो. बॅटरी आहेच तर एक बल्ब केबिनमध्ये, एक डोलकाठीवर. मग वायरलेस, मासे शोधायचं यंत्र, जीपीएस. 2008 मध्ये अतिरेक्यांनी 'कुबेर' बोट पळवून मुंबईवर हल्ला केला, त्यानंतर सुरक्षेचे नियम आणि उपकरणं वाढली. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमधून 1 लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर देण्याची योजना सुरू झाली. शिवाय सगळ्यांचे मोबाइल चार्जर.

प्रत्येक वस्तू वेगळ्या वर्षी आली आणि बहुतेक वेळा जुन्याच वायरला जोड मारून, वर टेप गुंडाळून बसवली गेली. पूर्ण वायरिंग नव्याने कोणी केलंच नाही. याच काळात सुती जाळ्यांच्या जागी नायलॉन आलं, लाकडावर फायबर चढलं. दोन्ही भडाभडा पेटतात.

"बारा व्होल्टनं काय होतंय? झटका पण बसत नाही." हे वाक्य प्रत्येक बंदरावर ऐकलंय. झटका बसत नाही हे खरं. पण वायर तापते ती करंटमुळे. 60 वॅटचा दिवा घरात 230 व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेतो, तोच बोटीत 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो. म्हणजे वायर घरापेक्षा जाड पाहिजे, आणि आपण ओढतो घरबांधणीत उरलेली. ती एकतारी असेल तर इंजिनाच्या थरथरीनं आतून तुटते. खाऱ्या हवेनं जोड हिरवा पडतो, सैल होतो, तिथेच तापत राहतो. असा तापलेला जोड फ्यूजलाही कळत नाही बरं का, तो हातानं आणि डोळ्यानंच तपासावा लागतो.

फ्यूज असतो तोही केबिनच्या बोर्डावर. बॅटरीपासून बोर्डापर्यंतची वायर इंजिनाशेजारून, डिझेलच्या टाकीजवळून जाते आणि तिला काहीच संरक्षण नाही. ती घासून उघडी पडली की बॅटरी सगळा जोर तिच्यातच ओतते. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून हातभर अंतराच्या आत पाहिजे, आणि बंदरात बोट सोडून जाताना बंद करता येईल असा मेन स्विच पाहिजे. बोटीच्या किमतीपुढे हा खर्च किती?

1 जून ते 31 जुलै बंदीत बोटी वर ओढल्या जातात. रंग होतो, इंजिन उघडतं, जाळी विणली जातात. सोसायट्यांनी त्याच दिवसांत जाणता वायरमन बोलावून बोटीमागून बोट तपासून घ्यावी. मत्स्य खात्याकडे मागणी एवढीच, की ट्रान्सपॉन्डर बसवायला माणूस बोटीवर येतोच आहे, तर त्यानं बॅटरीजवळचा फ्यूजही बघावा आणि नसेल तर तसं लेखी नाखव्याच्या हातात द्यावं.