कालव्याकाठची सायकलवाट

दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या थो सरोवरापर्यंत जाणारा ‘कनाल द्यु मिदी’ हा कालवा २४० किलोमीटर लांबीचा आहे. पिएर-पॉल रिके यांच्या या योजनेस चौदाव्या लुईने १६६६ मध्ये मंजुरी दिली. मात्र १६८१ मध्ये कालवा खुला होण्याच्या काही महिने आधीच रिके निवर्तले. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने केलेल्या वाटेवरून आता सायकली धावतात. वाट पाण्यालगत असल्याने चढ जेमतेम जाणवतो. सर्वोच्च स्थान नोरूझ, तेही केवळ १८९ मीटर उंचीवर. तुलूझपासूनचा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा डांबरी व मोटारींपासून मुक्त आहे. पुढे वाटेचे स्वरूप बदलत असल्याने रुंद टायरची सायकल बरी.

या वाटेचे खरे वैभव म्हणजे काठावरील प्लेन वृक्षांची सावली. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीजन्य रोग आढळला. त्यावर खात्रीचा उपाय नसल्याने हजारो झाडे तोडावी लागली. त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची रोपे लावली जात आहेत. परंतु ती वाढेपर्यंत अनेक टप्पे उघडेच राहणार. म्हणून उन्हाळ्यात येथे पहाटेच निघावे आणि पुरेसे पाणी सोबत ठेवावे.