मेमरी-ॲक्सेस सिम्युलेशन

चालू प्रोग्रॅम मेमरीतील कोणते पत्ते कोणत्या क्रमाने वाचतो वा लिहितो याची नोंद (ट्रेस) घेऊन, एखाद्या कॅशवर (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीवर) त्याचे काय झाले असते हे दुसऱ्या प्रोग्रॅमने काढण्याची पद्धत. सिम्युलेटरला मूळ डेटा साठवावा लागत नाही, पत्ते पुरतात.

३२ किलोबाइट, आठ-वे (प्रत्येक संचात आठ ओळींना जागा), ६४ बाइटांच्या ओळींची कॅश घेतल्यास तिचे ६४ संच होतात. पत्त्याचे शेवटचे सहा बिट ओळीतील जागा सांगतात, त्याआधीचे सहा संच ठरवतात. उरलेले टॅग म्हणून जपले जातात. सी भाषेत आठ बाइटांच्या संख्यांचा १०२४ × १०२४ मॅट्रिक्स आडवा वाचला, तर दर आठ वाचनांत एक मिस होतो, म्हणजे हवी ती ओळ कॅशमध्ये सापडत नाही. उभा वाचल्यास लागोपाठच्या पत्त्यांत ८,१९२ बाइटांचे अंतर पडते, अख्खा स्तंभ एकाच संचात येतो आणि आठ जागांसाठी १,०२४ ओळी भांडतात. पुढच्या स्तंभाची पाळी येईतो पहिली ओळ केव्हाच हाकलली गेलेली असते. प्रत्येक वाचन मिस.

इतिहास : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक या संगणकाला (१९६०) २,०४८ शब्दांची फेराइट-कोअर मेमरी होती; कॅश नसल्याने हा प्रश्न नव्हता. १९७० मध्ये आयबीएमच्या मॅटसन व सहकाऱ्यांनी ट्रेस एकदाच वाचून सर्व आकारांच्या मेमरीचे हिट-प्रमाण काढण्याची रीत दिली.

करमरकरांची रचना : रेषीय नियोजनाच्या अल्गोरिदममुळे (१९८४) ख्यातनाम झालेल्या नरेंद्र करमरकरांनी १९९१ च्या ‘सुपरकॉम्प्युटिंग’ परिषदेत प्रश्न उलटा घेतला : मेमरी-ॲक्सेसची आकृती आधी, यंत्र मागाहून. सांत प्रक्षेपीय भूमितीतील बिंदू म्हणजे मेमरीचे कप्पे, रेषा म्हणजे प्रोसेसर. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून दोन कप्प्यांतील आकड्यांची क्रिया कोणी करायची हे आपोआप ठरते. सात बिंदू व सात रेषांच्या सर्वांत लहान भूमितीत बिंदूंना ० ते ६ क्रमांक नीट दिले, तर ०-१, १-२ पासून ६-० पर्यंतच्या सात जोड्यांना सात निराळ्या रेषा मिळतात. प्रत्येक प्रोसेसरला एक काम. प्रत्येक कप्पा पहिल्या आकड्यासाठी एकदा, दुसऱ्यासाठी एकदा. टक्कर नाही, रिकामे कोणी नाही. अशा आकृतींना करमरकरांनी ‘परफेक्ट’ म्हटले, आणि या विषयात इतके देखणे दुसरे काही सापडणे कठीण. विरळ (बहुतेक शून्ये असलेल्या) मॅट्रिक्सवरील क्रिया त्याच ठिकाणी पुन्हापुन्हा होत असल्याने कंपायलरला ही वाटणी एकदा करून भागते. या रचनेची कामगिरी सिम्युलेशनने काढलेली आहे, तयार यंत्रावर मोजलेली नव्हे.

पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप-५०० यादीत चौथा होता. प्रकल्पाच्या प्रारंभी करमरकर त्यात होते. त्यांच्या भूमितीचा उपयोग कितपत झाला, ही चर्चा येथे घेतलेली नाही.

बहुगाभा प्रोसेसर : पाहा ‘कॅश-सुसंगती’.

साधने : व्हॅलग्रिंडमधील कॅशग्रिंड सर्वपरिचित आहे. ते आभासी पत्त्यांवर चालते, कर्नल आणि इतर प्रोसेस धरत नाही. आवृत्ती ३.२१ (२०२३) पासून त्यातील कॅश-सिम्युलेशन मुद्दाम चालू करावे लागते.