वर्गणीचे खेळ

परवा अमेरिकेहून भाचा आला होता. चार दिवस आंबीला राहिला. पाऊस लागलेला, दिवसातून चार वेळा वीज जायची, त्यामुळे गप्पांना ऊत आला होता. वीज असेल तेव्हा स्वारी मांडीवर लॅपटॉप घेऊन कसलासा खेळ खेळत बसे. मी सहज विचारलं, "केवढ्याला घेतलास हा?" तर म्हणाला, "मामा, याचे पैसे मी २०१३ साली दिले आणि खेळ हातात पडला २०१७ साली."

चार वर्षं? मी म्हटलं, असा कसला रे तुझा दुकानदार! त्यावर तो म्हणाला, "दुकानदार नाही हो मामा. वर्गणी काढली होती त्यांनी."

वर्गणी म्हटल्यावर माझे कान टवकारले. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला हा शब्द फार जवळचा. शाळेची खोली, स्नेहसंमेलन, सहल, गावचा उत्सव... वर्गणीवाचून काय होतं? पण व्हिडिओ गेमसाठी वर्गणी हे नवीनच होतं. मग चार दिवस मी त्याला प्रश्न विचारून भंडावलं आणि तो गेल्यावरही महिनाभर वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो आहे. जाणकारांनी चुकलं तर सांगावं.

आधी 'भूमिकेचे खेळ' म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या वयाच्या नातेवाईकांना व्हिडिओ गेम म्हणजे नुसती गोळीबारी वाटते. या खेळात आपण एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. वाटेत माणसं भेटतात, बोलतात, अडचणीत टाकतात. आपण काय उत्तर देतो त्यावर पुढची गोष्ट ठरते. थोडक्यात, सोंग आपलं आणि संवादही आपणच निवडायचे. असल्या खेळांचा १९९०च्या दशकात मोठा बहर होता. पुढे मोठ्या कंपन्यांना त्यात नफा दिसेना आणि त्यांनी हात आखडता घेतला. बनवणारे होते, खेळणारे होते, पण मधला पैसेवाला उठून गेला होता.

ही गोष्ट वाचताना मला आमचं तळेगाव आठवलं. आंबीहून काही किलोमीटरवर, तळेगाव दाभाड्याला, १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. पैसा फंडाचा कारखाना. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांची मूळ कल्पना, आणि लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. एक पैसा! तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होते. म्हणजे लाख माणसांनी पैसा पैसा दिला तरी जमणार १५६२ रुपये ८ आणे. (मास्तरला गणित केल्याशिवाय राहवत नाही.) तरीही जपानला जाऊन काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा माणूस मिळाला आणि भट्टी पेटली. बाहेरून येणाऱ्या स्वस्त काचसामानाशी झगडणं सोपं नव्हतंच. पण इथे शिकून तयार झालेली माणसं देशात ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेली. पैसा देणाऱ्याला ना व्याज, ना नफा, ना काचेचा पेला. माझे आजोबा सांगत, आम्ही पैसा दिला आणि विसरलो.

आता किकस्टार्टर. ही २००९ साली न्यूयॉर्कला सुरू झालेली संस्था. रीत अशी की आपली कल्पना इंटरनेटवर मांडायची, किती पैसे हवेत ते सांगायचं आणि मुदत घालायची. मुदतीत ठरलेली रक्कम भरली तर पैसे मिळतात. एक डॉलर जरी कमी पडला तरी कुणाकडूनच काही घेतलं जात नाही. ही अट मला फार आवडली. आपल्याकडे अर्धवट वर्गणीवर काम सुरू होतं आणि पाया भरून वर्षानुवर्षं गवत उगवतं. असे पाये मी मावळात बरेच पाहिले आहेत.

२०१२च्या सुरुवातीला डबल फाइन नावाच्या कंपनीने एका साहसकथेच्या खेळासाठी ४ लाख डॉलर मागितले आणि ३३ लाखांवर जमले. तिथून धरण फुटलं. ब्रायन फार्गो यांचा 'वेस्टलँड' हा १९८८चा गाजलेला खेळ. त्याच्या दुसऱ्या भागाला वर्षानुवर्षं कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. त्यांनी लोकांकडे ९ लाख डॉलर मागितले. ६१,२९० लोकांनी २९ लाख ३३ हजार दिले. त्याच वर्षी ऑब्सिडियन कंपनीने ११ लाख मागितले, तर जवळजवळ ७४ हजार लोकांनी ३९ लाख ८६ हजार दिले. त्यातून २०१५ साली 'पिलर्स ऑफ इटर्निटी' आला. २०१३ साली फार्गो पुन्हा उभे राहिले, या वेळी 'टॉरमेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा' घेऊन. १९९९च्या एका अत्यंत लाडक्या खेळाचा हा वारसदार म्हणायचा. ७४,४०५ लोकांकडून ४१ लाख ८८ हजार डॉलर जमले. त्या ७४ हजारांतला एक आमचा भाचा! आणि त्याच वर्षी बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'साठी ४ लाख मागितले. १९,५४१ लोकांनी ९ लाख ४४ हजार दिले.

मी हे आकडे वहीत मांडले आणि माणशी सरासरी काढली. वेस्टलँड ४८ डॉलर, पिलर्स ५४, टॉरमेंट ५६, डिव्हिनिटी ४८. गंमत बघा, सगळीकडे माणूस साधारण तेवढेच पैसे देतो आहे. कमीजास्त आहे ती डोकी. आणि डोकी कशाने वाढली? जुन्या नावाने. ज्या खेळाच्या आठवणी लोकांच्या मनात जितक्या दाट, तितकी रांग मोठी. म्हणजे वर्गणीचा आकडा हा होऊन गेलेल्या खेळाला मिळालेला नमस्कार आहे, येणाऱ्या खेळाचे मार्क नव्हेत. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मामा, हे मला दहा वर्षांपूर्वी सांगायचं होतं!"

कारण पुढे काय झालं ते पाहा. सर्वांत जास्त पैसा टॉरमेंटला. डिसेंबर २०१४ला देऊ म्हणाले होते, तो आला फेब्रुवारी २०१७ला. उशिराचं कुणी फार मनावर घेतलं नाही. वर्गणीच्या कामाला उशीर व्हायचाच. पण पैसे गोळा होत असताना त्यांनी वचनं वाढवत नेली होती. आणखी इतके जमले तर हे पात्र घालू, आणखी इतके जमले तर ते. खेळ यायच्या तोंडावर कळलं की त्यातलं काही गाळलंय. इटालियन भाषेतला अनुवाद कबूल केला होता, तोही रद्द. ही गोष्ट लोकांनी विचारल्यावर बाहेर आली, यांनी आपणहून सांगितली नाही, हे जास्त झोंबलं. समीक्षकांनी खेळाची स्तुती केली, लेखन उत्तम म्हणाले. पण खेळणाऱ्यांचं मन फाटलं ते फाटलंच.

उलट डिव्हिनिटी. पैसा टॉरमेंटच्या चौथाईहूनही कमी. वर्गणीतून खर्चाचा एक भागच निघाला, बाकीच्यासाठी कंपनीने स्वतःला पणाला लावलं. त्यांनाही उशीर झाला, पण तो वेळ त्यांनी खेळ घासूनपुसून नीट करण्यात घालवला. जून २०१४ अखेर खेळ आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. वर आणखी, २०१५ साली सुधारलेली आवृत्ती काढली ती आधी घेतलेल्यांना फुकट दिली. त्याच वर्षी दुसऱ्या भागासाठी पुन्हा झोळी पसरली तर २० लाख डॉलर पडले, आणि २०१७चा तो खेळ पहिल्याहून सरस ठरला. २०२३चा 'बाल्डर्स गेट ३' त्यांचाच. तोवर त्यांना वर्गणीची गरज उरली नव्हती.

पिलर्सची गोष्ट तिसरीच. पहिला भाग सगळ्यांना आवडला. २०१७ साली दुसऱ्या भागासाठी फिग नावाच्या ठिकाणी ४४ लाख डॉलर उभे राहिले. तिथे नुसती वर्गणी नव्हे, नफ्यात भागही घेता येत असे. २०१८ साली खेळ आला, जाणकारांनी वाखाणला, आणि विक्री मात्र मंद. का, यावर भाचा आणि मी एक संपूर्ण संध्याकाळ वाद घातला, निकाल लागला नाही. दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला पुरणपोळी मिळत नाही, एवढंच मला वाटतं.

(एका अवकाशाच्या खेळाने २०१२पासून वर्गणी चालू ठेवली आहे. ७० कोटी डॉलरच्या वर जमले आणि २०२५ सालीही तो पुरा झालेला नव्हता. त्याबद्दल न बोललेलंच बरं!)

आपल्याकडचं काय? पायरोडॅक्टिल नावाच्या छोट्या भारतीय कंपनीने २०१३ साली 'अनरेस्ट' या खेळासाठी मागितले अवघे ३ हजार डॉलर, मिळाले ३६ हजारांवर. प्राचीन भारतासारखं एक काल्पनिक राज्य, तिथे दुष्काळ पडलेला. एकाच वीराऐवजी वेगवेगळ्या माणसांची सोंगं घ्यायची. त्यात मनाविरुद्ध लग्न ठरलेली एक शेतकऱ्याची पोरही आहे. मारामारी शक्य तो टाळता येते. विषय पाहून मी खूश झालो. २०१४ साली तो आला तेव्हा लोक म्हणाले, कल्पना सुरेख पण खेळ आटोपशीर आणि कच्चा. बारा पट पैसे मिळूनही व्हायचं ते झालंच.

आणि आमच्या पुण्याचा 'राजी'! नॉडिंग हेड्स गेम्स ही पुण्यातली कंपनी. राजी ही सर्कशीतली मुलगी. महाबलासुर नावाचा राक्षस तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतो. दुर्गामाता तिच्या हाती शस्त्र देते, आणि दुर्गा व विष्णू दोघे मिळून आपल्याला गोष्ट सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून. भाचा म्हणतो हा खरा भूमिकेचा खेळ नव्हे, यात हाणामारी आणि उड्या जास्त. नसेना का. २०१७ साली यांनी किकस्टार्टरवर वर्गणी काढली आणि ठरलेली रक्कम जमली नाही. म्हणजे हाती शून्य. कारण उघड आहे. नमस्कार करायला मागे जुना खेळच नव्हता. मग संस्थापकांपैकी एकाने फ्लॅट विकला, एपिक कंपनीचं अनुदान मिळालं, पुढे प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२०मध्ये, ऐन करोनात, खेळ बाहेर पडला. लढाई जरा ढिली आहे, खेळ लवकर संपतो, असं टीकाकार म्हणाले. पण त्यातले वाडे, जाळ्या, कमळं पाहून जग थक्क झालं, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी जगातल्या पाच खेळांत त्याचं नाव आलं. भाच्याने मला तो लावून दिला होता. मी पहिल्याच पुलावरून तीनदा खाली पडलो.

आता जे लिहायचं म्हणून हा लेख सुरू केला ते. १९८०च्या दशकात मी मावळातल्या एका शाळेत होतो. दोन खोल्यांसाठी वर्गणी काढायची ठरली. तरुण होतो, तोंड चालायचं. घरोघर फिरताना मीही वचनं वाढवत गेलो. आणखी पाच हजार जमले तर पाण्याची टाकी करू. आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव दगडी पाटीवर कोरू, मग रुपया देवो की हजार. पैसे अपेक्षेपेक्षा जास्त जमले. खोल्या झाल्या, टाकी झाली. पाटीची वेळ आली तेव्हा कारागिराने अक्षरागणिक दर सांगितला. मीच बसून ठरवलं, २५१ रुपयांच्या वरची नावं घ्यायची. कुणाला विचारलं नाही आणि कुणाला कळवलंही नाही.

उद्घाटनाच्या दिवशी वस्तीवरची एक म्हातारी नातवाला घेऊन आली. तिने अंडी विकून ११ रुपये दिले होते. नातू पाटी वाचत होता, ही शेजारी उभी. वरून खालपर्यंत वाचून झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गुर्जी, माजं नाव मागल्या अंगाला हाय का?"

मी हो म्हणालो. पाटी भिंतीत बसवलेली होती.

भाच्याने जायच्या आदल्या रात्री त्याने पैसे दिलेल्या एका खेळाचा शेवट मला दाखवला. पैसे देणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकत होती, हजारो. तो म्हणाला, "थांबा मामा, माझं येईल." आम्ही बराच वेळ बघत बसलो. आलं, आणि एका क्षणात वर निघूनही गेलं. चाळिशीचा घोडा, पण काय खूश झाला!

तो गेल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली. वर्गणीची वही अजून आहे. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण नावं वाचता येतात. २५१च्या खालची १८७ भरली. आजींचं बाराव्या पानावर आहे, माझ्याच अक्षरात, पुढे ११ रुपये रोख. शाळेचे आताचे मुख्याध्यापक माझे विद्यार्थी आहेत. पावसाची उघडीप मिळाली की वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.